गुरुवारी बिघडणारी मोटर

सुमन सिस्टरांनी एकदा भर बाजारात टरबुजाला स्टेथोस्कोप लावला होता. टरबूजवाला दुबलगुंडीचा, आमच्या गावात नवखा. त्याला वाटलं, बाई सरकारी तपासणीला आल्यात. तो उठून उभा राहिला आणि माल आजच तोडलाय म्हणून सांगू लागला. सिस्टरांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं, टरबुजावर टिचकी मारली, ऐकलं, बाजूला सारलं, दुसरं घेतलं, पुन्हा टिचकी. असं करत करत एक पसंत पडलं ते पिशवीत टाकून घरी गेल्या. कापलं तर आत लालबुंद निघालं. त्या उन्हाळ्यात गावातल्या बायका टरबूज काखेत मारून सिस्टरांच्या ओसरीवर नंबर लावून बसायच्या.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या जुन्या नर्स. आता रिटायर झाल्यात. म्हणजे सरकारनं त्यांना सोडलंय, त्यांनी कोणालाच सोडलेलं नाही. अजून पांढरी साडी नेसतात, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधतात आणि गळ्यात स्टेथोस्कोप असतोच. त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. पूर्वी आमच्याकडं रात्री कोण खोकलं हे माझ्या बायकोच्या आधी त्यांना कळायचं, आणि सकाळी त्या काढा घेऊन दारात उभ्या. अलीकडं येईनाशा झाल्या, तेव्हा मला आपलं वाटलं की आमच्या घरच्या तब्येती सुधारल्या.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. कोणी काहीही रडगाणं घेऊन आलं की त्या म्हणणार, "आधी हिस्ट्री दे, मग रड." हिस्ट्री म्हणजे दुखणं कधीपासून, एकदम की हळूहळू, आधी असं झालं होतं का, घरात कोणाला होतं का. हे माणसांपुरतं असतं तर ठीक होतं. पण त्या बोअरवेलची हिस्ट्री घेतात, मिक्सरची घेतात. एकदा वायरमन ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायला खांबावर चढला होता, त्याला खालून विचारत होत्या की शेवटचं तेल कधी दिलं होतं. तो वरून म्हणाला, मला काय म्हाईत, मी आत्ता बदलून आलोय. सिस्टर मला म्हणाल्या, "बग, हिस्ट्रीच न्हाई, आन् हात घालायलाय."

दुसरी खोड वजनाची. निम्म्या गावाचं बाळंतपण त्यांच्या हातचं, त्यामुळे माणसाची ओळख त्यांच्याकडं आडनावानं नाही, जन्माच्या वजनानं असते. लग्नाच्या मांडवात नवरदेवाकडं बोट दाखवून पाहुण्यांना सांगतील की हा तीन किलोला थोडा कमी होता. माझं सांगतात ते तर मी लिहूही नये. मी दोन किलोचा होतो आणि रडलोच नव्हतो. आज माझं पाइप आणि पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, अंगानंही मी बरा आहे, पण गिऱ्हाईक समोर असताना सिस्टर आल्या की मी पुन्हा दोन किलोचा होतो.

लग्न त्यांनी केलं नाही. पुतण्या कडगंचीला शिकवायला आहे, चांगला मुलगा. दर दिवाळीला येतो आणि आत्या, आता माझ्याकडं चल म्हणून मागं लागतो. सिस्टरांचं उत्तर ठरलेलं. "माझी गुरुवारची ओपीडी हाय. ती कोन करील, तू?"

ही ओपीडी पाण्यापलीकडं भरते. आमचं गाव कारंजा धरणाच्या पाण्याला लागून. समोरच्या काठावर छोटी वस्ती आहे, इकडून तिथली चूल पेटलेली दिसते. पण रस्त्यानं जायचं तर आधी हुमनाबाद, तिथं बस बदल, मग पुढं टमटम, आणि शेवटी बरंच चालणं. सिस्टरांच्या गुडघ्यांनी ते कधीच सोडून दिलंय. म्हणून दर गुरुवारी सकाळी बीपीची पेटी घेऊन त्या मच्छीमार सोसायटीच्या होडीनं पलीकडं जातात आणि दुपारी परत येतात.

होडी चालवतो शरणप्पा. मूळचा कलबुर्गीकडचा, घरात कानडी. मराठी सगळी समजते, बोलताना मात्र त्याला राग आला किंवा घाई झाली की कानडीच बाहेर पडते. आमच्याकडं त्याचं कोणाला काही वाटत नाही. बाजारात एकाच वाक्यात तीन भाषा भेटतात आणि भाव मात्र सगळ्यांना बरोबर कळतो.

सोसायटीनं ही होडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक छोटी मोटर आली. होडीच्या मागच्या फळीला ती अडकवायची. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, सुरू करायला दोरी. पेट्रोलची टाकी वेगळी, होडीत पायाशी ठेवायची. टाकीपासून मोटरपर्यंत रबरी नळी, आणि नळीच्या मधोमध मुठीत मावेल असा रबरी फुगा. सुरू करण्याआधी हा फुगा दाबून दाबून पेट्रोल वर चढवायचं, तो हाताला कडक लागला की थांबायचं आणि दोरी ओढायची. एवढंच काम.

सिस्टरांनी पहिल्याच दिवशी फुगा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अगं बया, हे तर बीपीचं हाय." आणि ते खरंच होतं. बीपीच्या यंत्राला असतो तसाच फुगा, तीच मूठ, तीच दाबण्याची पद्धत. त्या दिवसापासून गुरुवारी फुगा सिस्टरांकडं. शरणप्पानं दोरी धरायची, सिस्टरांनी पंप करायचं. आयुष्यभराचा बसलेला हात, त्याला कोण नाही म्हणणार?

मोटर बिघडायला लागली ती अशी की पेट्रोल चढायचं. इंजिनाला हवं त्याहून जास्त पेट्रोल कार्बोरेटरमधून ओसंडायचं, प्लग चिंब व्हायचा, आणि शरणप्पा दोरी ओढून ओढून घामाघूम व्हायचा. होडीभर वास, पाण्यावर पेट्रोलचे रंग. मग प्लग काढून उन्हात ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. कधी काठावरच व्हायचं, तर कधी मोटर कशीबशी सुरू होऊन मध्ये जाऊन बसायची.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एका गुरुवारी सोसायटीचे चेअरमन काशिनाथराव आपल्या होणाऱ्या सोयऱ्यांना धरण दाखवायला होडीत घेऊन बसले. सिस्टर होत्याच. पाण्याच्या मधोमध मोटर गप्प झाली. मुलाचे वडील पांढऱ्याशुभ्र धोतरात, त्यांच्या मांडीवर पेट्रोल उडालं. मुलाच्या मामानं वल्हं मारलं. सिस्टरांनी ऊन तर लागलं नाही ना म्हणून सगळ्यांची नाडी तपासली आणि चेअरमनच्या मुलीचं जन्मवजन सांगितलं. उठून जायला जागाच नसल्यामुळे देण्याघेण्यापासून तिथीपर्यंतची सगळी बोलणी होडीतच पक्की झाली. म्हणजे पाहायला गेलं तर मोटरनं चेअरमनचं भलंच केलं. पण माणसाला झालेलं भलं दिसत नाही, झालेली फजिती दिसते. काठावर उतरल्या उतरल्या त्यांनी जाहीर केलं की मोटर विकायची आणि पूर्वीसारखी वल्ही मारायची.

मन्नाएखेळ्ळीचा जुन्या मशिनरीचा व्यापारी पुढच्या शुक्रवारी टेंपो घेऊन येणार असं ठरलं. मासे धरणाऱ्यांचं फारसं अडत नव्हतं, ते काठाकाठानं वल्ह्यावर जाऊ शकत. पण पलीकडं वल्हं मारत सिस्टरांना न्यायचं म्हणजे शरणप्पाचा अख्खा दिवस गेला. एखाद्या गुरुवारी त्यानं केलंही असतं, दर गुरुवारी कोण करणार? मोटर गेली की सिस्टरांचं पलीकडं जाणं संपलं, हे गावात सगळ्यांना कळत होतं. कोणी बोललं नाही.

सिस्टर त्याच संध्याकाळी चेअरमनच्या दारात. मी सोबत होतो, कारण त्यांनी मला दुकानातून उठवून नेलं होतं. त्या म्हणाल्या, "काशिनाथ, ती पेशंट हाय, भंगार न्हाई. मला येता गुरुवार दे." चेअरमनला सिस्टरांसमोर ताठ बोलता येत नाही, लहानपणी त्यांच्या सुईला भिऊन ते कडब्याच्या गंजीत लपायचे. त्यांनी हो म्हटलं, पण अट घातली. गुरुवारी मोटर जाऊन परत आली पाहिजे, मध्ये कुठंही बंद न पडता. आणि साक्षीला मी जायचं. बंद पडली की शुक्रवारी टेंपोत.

परत येताना मी विचारलं, एवढं काय अडलंय सिस्टर, तिथले लोकही आता दवाखान्यात जातात की. त्या म्हणाल्या, "माझे पेशंट हायत तिथं." आणि रस्त्याकडं बघत चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मोटर सिस्टरांच्या ओसरीवर ॲडमिट झाली. मी हा शब्द गमतीनं वापरत नाही, तो त्यांचाच. बाजेवर स्वच्छ चादर अंथरली होती आणि तिच्यावर मोटर आडवी. शेजारी स्टीलचा ट्रे, त्यात कापूस, स्पिरिट, चिमटे आणि माझ्या दुकानातले पाने. शरणप्पा पायरीवर चप्पल काढून बसला होता, आपल्या माणसाला दवाखान्यात आणल्यासारखा.

कार्बोरेटर मी उघडला. पंपाच्या इंजिनांवर माझा थोडा हात बसलाय. त्याच्या पोटाशी एक वाटी असते. वाटीत पेट्रोल भरत आलं की एक हलका तुकडा तरंगून वर येतो आणि एका बारीक सुईला वर ढकलतो, सुई पेट्रोलची वाट बुजवते. पेट्रोल उतरलं की सुई पुन्हा वाट मोकळी करते. शरणप्पानं त्याच्या परीनं समजावून घेतलं. तो म्हणाला, म्हणजे हा तुकडा पेट्रोलला 'साकु' म्हणतो. कानडीत साकु म्हणजे पुरे.

"मग म्हनत कामून न्हाई ते बगू," असं म्हणून सिस्टरांनी कामाला सुरुवात केली. तुकड्याला भोक पडून आत पेट्रोल शिरलं असेल तर तो तरंगत नाही. हे पाहायला मी तो कानाशी धरून हलवणार होतो. सिस्टरांनी तो माझ्या हातातून घेतला, स्टेथोस्कोप लावला आणि हलवला. आत काही नाही. मग सुई. सुईच्या बाबतीत मला त्यांनी तोंडच उघडू दिलं नाही. आयुष्यात आपण किती सुया हाताळल्यात याबद्दल त्या बोलत राहिल्या आणि उजेडाकडं धरून टोक बघत राहिल्या. टोकाला जराशी रेघ पडली होती, झीज म्हणावी इतपत. सुई जिथं बसते ती जागा त्यांनी कापसाच्या काडीला स्पिरिट लावून अशी पुसली की बाळाची नाळसुद्धा इतकी स्वच्छ झाली नसेल. नंतर सुई बंद धरून मी नळीतून फुंकून पाहिलं. हवा जात नव्हती. म्हणजे सुई नीट बसत होती.

सगळं पुन्हा जोडलं. पाण्यानं भरलेल्या ड्रमवर फळी टाकून तिला मोटर अडकवली, पंखा ड्रममध्ये. सिस्टरांनी फुगा हातात घेतला. शरणप्पानं दोरी ओढली आणि पेट्रोल चढलं. कार्बोरेटरच्या तोंडातून थेंब टपकायला लागले. प्लग काढला तर ओला. गल्लीत जमलेल्या लोकांनी आपापली मतं दिली. त्यांतलं एक असं होतं की मोटरला दृष्ट लागली असेल, सोयऱ्यांची.

सिस्टर उठल्या. परसात गेल्या आणि सलाईनचा स्टँड घेऊन आल्या. दवाखान्यानं कधीतरी टाकून दिलेला, त्यावर त्यांनी दोडक्याचा वेल चढवला होता. वेल तसाच गुंडाळून बाजूला ठेवला. रिकाम्या सलाईनच्या बाटलीत पेट्रोल भरलं, नळी थेट मोटरला जोडली, चाक फिरवून थेंब सुरू केले. फुगा नाही, दाबणं नाही, बाटली वर टांगलेली आणि पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतंय. शरणप्पानं दोरी ओढली. मोटर लागली. नुसती लागली नाही, ड्रममधलं पाणी उसळून पहिल्या रांगेतले बघे भिजले, आणि तिनं एकदाही ठसका दिला नाही. सिस्टरांनी घड्याळ बघत तिचे ठोके मोजले. पेट्रोलनं नळी फुगायला लागली तेव्हाच बंद केली.

मोटर धडधाकट होती. मग बिघाड कुठं होता? सिस्टर चहा ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात शरणप्पानं नेहमीची टाकी जोडली, फुगा तीन-चारदा दाबला, दोरी ओढली. मोटर लागली. त्यानं बंद केली, मी पुन्हा लावून बघितली. लागली. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली. ती तोंडानं म्हणायची हिंमत दोघांतही नव्हती.

सिस्टर चहा घेऊन बाहेर आल्या आणि बसल्या. आता हिस्ट्री घेऊ म्हणाल्या. शरणप्पाला त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधी बिघडते? गुरुवारी. सोमवारी मासे आणायला जातोस तेव्हा? तेव्हा नाही. शुक्रवारी? शुक्रवारी थोडी कुरकुरते, आदल्या दिवशीचा प्लग ओला असतो म्हणून. शनिवारी बरी. बाजारच्या दिवशी? बरी. सिस्टर विचारत गेल्या तशी शरणप्पाची मान खाली खाली जात होती. मी चहात बघत होतो. बशीतला चहा कधीच निवून गेला होता.

"गुरुवारी काय येगळं असतंय?" सिस्टरांनी विचारलं.

 मग त्यांनी आपल्या हाताकडं बघितलं.

त्या शांतच होत्या. फुगा कडक झाल्यावर मी थांबत नाही का, एवढंच त्यांनी विचारलं. शरणप्पानं मान वर केली. तो म्हणाला, "अक्का, मी दर येळंला वरडतो की. साकु, साकु म्हणून वरडतो."

"तू हाकु म्हनायलास," सिस्टर म्हणाल्या.

शरणप्पा गोंधळून माझ्याकडं बघायला लागला. मला मात्र कळलं, आणि हसू आवरेना. साकु म्हणजे पुरे, हाकु म्हणजे घाल, ओत. शरणप्पा मागं बसून पुरे, पुरे म्हणून ओरडायचा, सिस्टरांना घाल, घाल असं ऐकू यायचं, आणि त्या बीपी काढताना करतात तसं मन लावून दाबत राहायच्या. तो जितका जोरात ओरडेल तितकं ह्या जोरात दाबणार. साधारण दाबाला ती झिजकी सुई टिकत होती. पण सिस्टरांच्या मुठीपुढं माणसाची नस दबून बंद होते, तिथं सुई कुठं टिकणार?

मी हसत होतो, शरणप्पाही हसायला लागला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी उजव्या कानाला हात लावला.

"ह्या कानानं कमी यायलंय मला," त्या म्हणाल्या. "लई दिवस झाले. वारं असलं की कायच कळंना."

मग त्यांनी आम्हा दोघांना दम भरला की हे ओसरीच्या बाहेर जायचं नाही. स्टेथोस्कोपातून सगळं नीट ऐकू येतं म्हणाल्या. पण गावाला कळलं की सिस्टरला ऐकू येत नाही, तर उद्या बीपी दाखवायला कोण येईल? मला टरबूज आठवलं आणि भिंतीपलीकडचा आमचा खोकलाही आठवला. माझं हसणं पार मावळलं. त्यांनी फुगा उचलून शरणप्पाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आजपासून पंप तुजा. मी बीपीचंच बगते."

गुरुवारी आम्ही निघालो. काठावर चेअरमन छत्री घेऊन उभे होते. शरणप्पानं फुगा दाबला, थांबला, दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला मोटर लागली आणि चेअरमन लहान लहान होत गेले. सिस्टर पुढच्या फळीवर पाठमोऱ्या बसल्या होत्या, पेटी मांडीवर घट्ट धरून. पाण्याच्या मधोमध आलो तेव्हा त्यांनी वळून मोटरकडं बघितलं. मोटर चालतच होती.

पलीकडं पोचल्यावर मी पेटी घेऊन त्यांच्यामागं गेलो. मला वाटलं होतं, झाडाखाली रांग असेल, खाटा असतील, कण्हणं असेल. दोन म्हातारे आणि एक गरोदर सून, एवढीच ओपीडी. म्हाताऱ्यांपैकी एकानं सांगितलं की परवाच दवाखान्यात दाखवून आलोय, पण तुम्ही आल्यात तर बघा. सिस्टरांनी बघितलं आणि पाचेक मिनिटांत पेटी मिटली. मी म्हटलं, चला, निघायचं? त्या म्हणाल्या, थांब जरा, अजून एक पेशंट आहे.

पाण्याच्या अगदी जवळ एक बसकं घर होतं. दारात हलीमाबी बसलेल्या. ह्या पूर्वी वस्तीवरच्या दाई. उपकेंद्र नवीन झालं तेव्हा सिस्टर आणि त्या एकमेकींच्या वैरिणी होत्या, माझ्या आईनं सांगितलेलं. बाळंतपण कोणाच्या हातचं यावरून दोघी बाळंतिणीच्या उशाशी भांडायच्या. पुढं भांडता भांडता एकत्रच जायला लागल्या. हलीमाबींनी मला न्याहाळलं आणि सिस्टरांना विचारलं, "ये वोच है ना, नै रोया सो बच्चा? मैं मारी थी इसकू पीठ पे, तब रोया." म्हणजे माझी हिस्ट्री पाण्याच्या दोन्ही काठांना ठाऊक होती.

मी बाहेर कट्ट्यावर बसलो. दार उघडंच होतं. मला वाटलं, आता बीपीची पेटी उघडेल. सिस्टरांनी ती कोपऱ्यात ठेवली, गळ्यातला स्टेथोस्कोप काढून तिच्यावर ठेवला आणि हलीमाबींच्या पायाशी चटईवर बसल्या. अंबाड्याच्या पिना एकेक काढून पदरात घेतल्या. केस मोकळे सोडले. सिस्टरांचे केस मी जन्मात मोकळे पाहिले नव्हते. हलीमाबी थोड्या डावीकडं सरकून बसल्या, डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलता येईल अशा. म्हणजे त्यांना आधीच ठाऊक होतं. वाटीतलं कोमट तेल त्यांनी टाळूवर ओतलं आणि बोटं केसांत घातली.

"ये क्या हाल करे जी बालों का, सुमन," त्या म्हणाल्या. सुमन. आमच्या गावात त्यांना सुमन म्हणणारं कोणी नाही. पुतण्यासुद्धा आत्या म्हणतो.

सिस्टरांनी डोळे मिटले होते. तोंड थोडं उघडं पडलं होतं, झोपलेल्या पोराचं पडतं तसं. मी तिकडून नजर काढली. आमच्या अख्ख्या गावाच्या अंगाला ह्या बाईचा हात लागलेला. कोणाची नाडी, कोणाचं पोट, कोणाचं कपाळ, आणि मी तर ह्या जगात आलो तो ह्यांच्याच तळव्यावर. पण त्यांच्या कपाळाला हात लावणारं आमच्याकडं कोण होतं? मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं की मोटर चालली.

शरणप्पा होडीपाशी उकिडवा बसून विडी ओढत होता. मी त्याच्याजवळ गेलो. दर गुरुवारी असंच असतं, तो म्हणाला, मी कोणाला सांगितलं नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. चेअरमन. मी सांगितलं की एका झटक्यात लागली, मध्ये कुठं थांबली नाही, तुम्ही टेंपोवाल्याला येऊ नको म्हणून कळवा. परत कधी येताय म्हणाले. म्हटलं, सिस्टरांचे पेशंट बरेच आहेत, वेळ लागेल.

फोन खिशात ठेवतोय तोच घरातून सिस्टरांचा आवाज आला. माझं बोलणं त्यांना ऐकू गेलं नसेल, फोन कानाला लावलेला मात्र दिसला असावा. "चला रं, निगू," त्या म्हणत होत्या. "काशिनाथ वाट बगत आसंल. त्येला शक नको." त्या चटईवर हात टेकून उठायला लागल्या होत्या. डोक्याला निम्मंच तेल लागलं होतं. हलीमाबी तेलकट हात तसेच धरून थांबल्या होत्या.

मी दारापर्यंत गेलो आणि डाव्या बाजूनं मोठ्यानं सांगितलं, "सिस्टर, पेट्रोल चढलंय. अर्धा तास तरी सुकू द्यावं लागतंय."

शरणप्पानं चमकून माझ्याकडं बघितलं. सकाळपासून त्यानं फुग्याला दुसऱ्यांदा हातही लावला नव्हता.

सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग होडीकडं. "मग काय इलाज न्हाई," म्हणाल्या आणि पुन्हा चटईवर बसल्या. हलीमाबींनी त्यांचं डोकं आपल्या गुडघ्याला टेकवून घेतलं.

शरणप्पानं विडी विझवली. मोटरचं झाकण काढलं, पाना घेतला, चांगला कोरडा ठणठणीत प्लग खोलून बाहेर काढला आणि काठावरच्या दगडावर, घरातून नीट दिसेल असा, उन्हात वाळत ठेवला.